ज्याने मोजले नाही, त्याने अंदाज सोसावा

प्रदूषणाची भरपाई बसली की कारखानदारांचा बचाव ठरलेला असतो. आकडा अंदाजपंचे काढला आहे. किती दिवस घाण सोडली याचा पुरावा नाही. सामायिक नळातून शेकडो कंपन्यांचे पाणी जाते, त्यात आमचे किती हे कोणी मोजले नाही. नमुना एका दिवसाचा आणि आकारणी वर्षाची. म्हणून आदेश रद्द करा, ते जमत नसेल तर निदान स्टे द्या.

मी घिवलीचा, मासेमाराच्या घरातला. आमच्या एका अंगाला तारापूरचे अणुऊर्जा केंद्र, किनाऱ्याने पुढे उच्छेळी, दांडी, नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे ही मच्छीमारांची गावे, आणि पाठीशी बोईसरची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात राहून हा बचाव ऐकणाऱ्या माणसाला त्यातली लबाडी लगेच कळते. माप नाही हे खरे आहे. पण ते ठेवायचे काम ज्याचे होते, त्यानेच ते ठेवले नाही किंवा दाखवले नाही, आणि आता तोच ‘माप कुठे आहे’ म्हणून विचारतो आहे. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात पहिल्या दिवशीच निकालात निघायला हवा. तो निघत नाही, याचे अर्धे पाप कारखानदारांचे आणि अर्धे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे. दोघांचाही हिशेब मला मांडायचा आहे.

आधी प्रकरण काय ते सांगतो. २०१६ साली मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठापुढे गेली. समोर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, एमआयडीसी आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवणारी कारखानदारांची संस्था, तारापूर एन्व्हायर्न्मेंट प्रोटेक्शन सोसायटी. तक्रार सरळ होती. दिवसाला २५ दशलक्ष लिटर क्षमतेच्या केंद्रात त्याहून जास्त पाणी येते, कारखान्यांनी आधी आपापल्या आवारात करायची प्रक्रिया धड होत नाही, आणि हे पाणी नवापूरला समुद्रात जाते. खाड्या, नाले, किनारा आणि त्यावर जगणारी माणसे यांचे वाटोळे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने भरपाई ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. समितीच्या २०२० च्या अहवालात शंभराच्या वर कारखान्यांवर मिळून सुमारे १६० कोटी रुपये निघाले. २४ जानेवारी २०२२ च्या अंतिम आदेशात बोजा आणखी वाढला, त्यात सामायिक केंद्र आणि एमआयडीसीही आले. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यांत वर होते. देशातली सर्वांत प्रदूषित औद्योगिक वसाहत, असा त्याचा अर्थ. त्या वसाहतीतले कारखाने म्हणतात की आमच्यावर आकारणी करायला पुरेसा आधार नाही.

ही आकारणी करतात कशी, ते एकदा नीट पाहावे. केंद्रीय मंडळाने भरपाईचे एक सूत्र ठरवले आहे. पाच आकडे घ्यायचे आणि गुणायचे. पहिला उद्योगाच्या प्रकाराचा. लाल गटातल्या उद्योगाला ८०, नारिंगी गटाला ५०, हिरव्याला ३०. दुसरा उल्लंघनाचे दिवस. तिसरा रुपयांचा गुणक, १०० ते ५०० च्या दरम्यान, साधारणपणे २५०. चौथा कारखान्याचा आकार. लहानाला अर्धा, मध्यमाला एक, मोठ्याला दीड. पाचवा लोकवस्तीचा. दहा लाखांच्या आतल्या वस्तीला एक. लाल गटातला मोठा रासायनिक कारखाना घ्या. ८० गुणिले २५० गुणिले दीड, म्हणजे दिवसाला ३०,००० रुपये. लहान कारखाना असेल तर दिवसाला १०,०००. शंभर दिवस घाण सोडली असे धरले तर मोठ्याला ३० लाख, लहानाला १० लाख.

या पाच आकड्यांतल्या चारांवर भांडायला फारशी जागा नाही. उद्योगाचा गट आणि आकार संमतीपत्रावरच छापलेला असतो, लोकवस्ती जनगणनेत असते आणि रुपयांचा गुणक मंडळ ठरवते. भांडण सगळे दिवसांचे. उल्लंघन सापडले त्या दिवसापासून ते दुरुस्त झाल्याची मंडळाने खात्री केली त्या दिवसापर्यंत दिवस मोजायचे. आता मंडळाचा अधिकारी फेब्रुवारीत आला, नमुना नापास झाला, आणि पुन्हा फिरकला तो ऑक्टोबरात. मधले आठ महिने काय धरायचे? कारखानदार म्हणतो, मी तिसऱ्या दिवशीच सगळे ठीक केले. मंडळ म्हणते, आम्ही पाहिले ते ऑक्टोबरात. इथे अंदाज येतो आणि इथेच वकिलाला दार सापडते.

मी विचारतो, त्या आठ महिन्यांत कारखान्याच्या आवारात काय घडत होते हे कोणाला माहीत होते? मला नाही. नवापूरच्या मासे विकणाऱ्या बाईला नाही. मंडळालाही नाही, कारण ते आलेच नाही. माहीत होते ते एकट्या कारखान्याला. त्याच्याकडे प्रक्रिया यंत्रणेचे रोजचे रजिस्टर असते. चुना, तुरटी, ॲसिड किती आणले याची बिले असतात. पंप आणि ब्लोअर किती चालले हे वीज वापरावरून निघते. धोकादायक गाळ किती निघाला आणि कुठे पाठवला याचे मॅनिफेस्ट असते. यंत्रणा खरोखर चालली असेल तर तिचा माग दहा कागदांवर उरतो. तिसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली असेल तर चौथ्या दिवसापासूनची ही कागदपत्रे कोर्टापुढे ठेवायला किती वेळ लागतो? एक सकाळ पुरते. ती न ठेवता ‘दिवस सिद्ध करा’ म्हणणारा माणूस न्याय मागत नसतो, वेळ काढत असतो.

पाण्याचेही तेच. वसाहतीत पाणी येते ते सूर्या नदीचे, एमआयडीसीच्या नळाने, मीटर लावून, बिल देऊन. आत किती आले हे पैशापैशाने नोंदलेले आहे. मालात किती गेले, वाफ होऊन किती उडाले, हे प्रत्येक केमिकल इंजिनिअरला काढता येते. उरले ते बाहेर गेले. सामायिक केंद्र चालवायचे तर सभासदांकडून वर्गणी घ्यावी लागते, आणि ती सांडपाण्याच्या प्रमाणात घेणे हीच सर्वत्र चालत आलेली रीत. वर्गणी वाटून घेताना कोणाचे किती हे कळते आणि भरपाई वाटून घ्यायची वेळ आली की कळेनासे होते, हे मी मानत नाही.

आणखी मागे जातो. १९७७ चा जल उपकर कायदा या देशात चाळीस वर्षे होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तो गेला. त्या कायद्याखाली कारखान्याला पाण्याचे मीटर बसवावे लागत, आणि थंड करण्यासाठी किती, घरगुती कामाला किती, ज्यात पाणी विषारी होते अशा प्रक्रियेला किती, अशी वर्गवारी करून विवरणपत्र भरावे लागे. ज्याने सांडपाण्याची यंत्रणा उभारली आणि मानके पाळली त्याला उपकरात २५ टक्के सवलत होती. म्हणजे सवलत हवी असेल तेव्हा उद्योगाला पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब देता येत होता. त्याच उद्योगाने आता भरपाईच्या दारात उभे राहून ‘मोजमापच नाही’ म्हणावे, हा निर्लज्जपणा आहे.

अंदाजाने आकारणी करणे कायद्याला नवे नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ बघा. अनधिकृत वीज वापर सापडला की अधिकारी आपल्या उत्तम निर्णयबुद्धीने आकारणी करतो. वापर केव्हापासून चालू होता हे कळले नाही तर मागचे बारा महिने धरतो. दर दुप्पट लावतो. आणि त्याविरुद्ध अपिलात जायचे असेल तर कलम १२७ प्रमाणे आधी निम्मी रक्कम भरावी लागते. हा कायदा कोळीवाड्यातल्या घरालाही लागतो आणि बर्फाच्या कारखान्यालाही लागतो. प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्याचे कलम १४४ हेच सांगत आले. हिशेब दाखवला नाही तर अधिकारी आपल्या अंदाजाने उत्पन्न ठरवतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०६ तर कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही पाठ असते. जी गोष्ट खास एखाद्याच्याच माहितीतली आहे, ती सिद्ध करायचा भार त्याच्यावर. नव्या साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. वीज चोरणाऱ्याला, कर चुकवणाऱ्याला जो न्याय, तो समुद्रात विष सोडणाऱ्याला का नाही? हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात कलम २२ खाली सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते, पण निम्मी रक्कम आधी भरा अशी अट त्यात नाही. दोनशे युनिटच्या भांडणात गरिबाला आधी पैसे मोजावे लागतात, आणि कोट्यवधींच्या भरपाईत कंपनीला आधी तारीख मिळते.

इथपर्यंत कारखानदारांचे झाले. आता मंडळाकडे वळतो, कारण कारखान्यांचे वकील जिंकतात ते स्वतःच्या हुशारीपेक्षा मंडळाच्या गलथानपणावर.

न्यायालयांनी अशा आकारण्यांत काय काय चुका दाखवल्या ते पाहा. २००४ साली दीपक नायट्राइट विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात, वडोदऱ्याजवळच्या नंदेसरीच्या कारखान्यांवर उच्च न्यायालयाने उलाढालीच्या एक टक्का भरपाई बसवली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, भरपाईचा संबंध उद्योगाच्या आकाराशी हवा तसा झालेल्या हानीशीही हवा. २०२२ साली सुरतेच्या किनाऱ्यावरच्या कोळी समाजाच्या संस्थेच्या प्रकरणात सांगितले, न्यायाधिकरणाने निवाड्याचे काम समित्यांवर सोपवून मोकळे होऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रासिम प्रकरणात तेच पुन्हा बजावले, ज्याच्यावर बोजा टाकायचा त्याला पक्षकार करा, ऐकून घ्या. त्याच महिन्यात बेन्झो केम प्रकरणात उलाढाल शंभर ते पाचशे कोटींमध्ये आहे एवढ्यावरून बसवलेला २५ कोटींचा दंड रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या प्रदूषण मंडळाच्या प्रकरणात न्यायालयाने मंडळांना भरपाई वसूल करण्याचा अधिकार आहे हे मान्य केले, पण त्याची तत्त्वे आणि कार्यपद्धती नियमांत बांधून मगच तो वापरा, असे सांगितले.

यातला एकही निकाल मला अन्यायाचा वाटत नाही. ऐकून न घेता कोणावरही कोटीचा बोजा टाकू नये, हे मच्छीमारालाही पटते, कारण ऐकून न घेता त्याच्यावर काय काय टाकले जाते हे त्याला चांगले ठाऊक आहे. माझा राग वेगळा आहे. हे सगळे धडे मंडळाला आधीच माहीत असायला हवे होते. नोटीस द्या, ऐका, कारणे लिहा, हानीशी संबंध दाखवा. चार गोष्टी आहेत. यांतली एक राहिली की वर्षानुवर्षांचे काम पाण्यात जाते आणि दूषित करणारा सुटतो.

सगळ्यांत साधी गोष्ट घ्या, नमुना. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ मध्ये तो कसा घ्यायचा हे पायरीपायरीने लिहिले आहे. कारखान्याच्या जबाबदार माणसाला नोटीस द्यायची. त्याच्या देखत नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही भाग डब्यांत भरून खुणा करायच्या, सील लावायचे, अधिकारी आणि कारखान्याचा माणूस दोघांनी सह्या करायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे, आणि कारखान्याने मागणी केली तर दुसरा भाग कायद्यात सांगितलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे. हे केले नाही तर त्या तपासणीचा निष्कर्ष कोणत्याही न्यायालयीन कामात पुरावा म्हणून चालत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे भर दुपारी नाल्याच्या काठावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने एक सही घ्यायची राहू दिली, तर पुढे दिल्लीत वरिष्ठ वकिलाला बोलायला तासभराचा मसाला मिळतो. ती सही राहते कशी? पन्नास वर्षांत हे शिकवायला वेळ मिळाला नाही का? चूक दर वेळी एकाच पक्षाच्या फायद्याची होत असेल तर मी तिला चूक म्हणायला तयार नाही.

आणि दुसरी भेट आठ महिन्यांनी का? नमुना नापास झालेल्या कारखान्यात पंधरा दिवसांत पुन्हा जायचे एवढा नियम पाळला असता तर दिवसांचा वाद उरलाच नसता. ऑनलाइन मोजणी यंत्रे बसवायला लावली ती कशासाठी? त्यांचे आकडे मंडळाच्या सर्व्हरवर येऊन पडतात. यंत्र बंद पडले, आकडा तासन्‌तास एकाच जागी गोठला, तर ते त्या दिवशीच उल्लंघन धरायला हवे. अंदाज करायची पाळी मंडळाने स्वतःवर ओढवून घेतली आहे.

माझ्यासमोर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. बोईसरमध्ये लहान कारखानदारही आहेत, स्वतः राबणारे, कर्ज काढून यंत्रणा बसवणारे. मोठ्यांच्या पापाचा वाटा त्यांच्यावर पडतो. हजारो कामगारांची चूल या वसाहतीवर पेटते, त्यांत आमच्या गावांतली पोरेही आहेत. मला हे सगळे मान्य आहे. म्हणूनच मी म्हणतो, मापे उघडी करा. प्रामाणिक कारखान्याला मापाची भीती नसते. त्याचे रजिस्टर, त्याची बिले, त्याचे मीटर हेच त्याचे कवच आहे. लपवाछपवी चालू राहिली की प्रामाणिक आणि लबाड एकाच सूत्राने गुणले जातात, आणि त्यात पहिला मोडतो तो लहान. मोठा अपिलात जातो, लहान कर्ज काढतो. संघटनेच्या झेंड्याखाली सगळ्यांनी मिळून ‘अंदाज, अंदाज’ ओरडणे लहान कारखानदाराच्या हिताचे नाही. त्याने मोठ्यांना विचारावे, तुमची रजिस्टरे का दाखवत नाही?

या सगळ्या हिशेबात एक आकडा कोणीच मोजलेला नाही. आमचा. किनाऱ्याजवळ पूर्वी डोल लावली की बोंबील, करंदी, मांदेली, जवळा येत असे. आता जाळ्याला काळसर चिकट गाळ लागतो, तो धुताना हाताला खाज सुटते, आणि मासळीला वास आला तर बाजारात भाव पडतो, कधी टोपलीच परत येते. खाडीत निवटी आणि शिंपल्या गोळा करणाऱ्या बायकांचे उत्पन्न तर कोणत्याच कागदावर कधी नव्हते. किनाऱ्याजवळची मासळी गेली म्हणून होडी आणखी लांब न्यावी लागते, डिझेल जास्त जळते, बर्फ जास्त लागतो. हे नुकसान भरपाईच्या सूत्रात कुठे बसते? त्या पाच आकड्यांत मासळीचा आकडा नाही. मच्छीमाराकडे पावती मागतात. पहाटे खाडीच्या चिखलात उतरणाऱ्या बाईने निवटीची पावती कोणाकडून आणायची? ज्याच्याकडे कागद ठेवायला माणसे, संगणक, ऑफिस आहे, त्याला कागद नसल्याचा फायदा. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला कागद नसल्याची शिक्षा. हा न्याय नव्हे.

उशीर म्हणजे काय असतो हे राजस्थानातल्या बिछडी गावाला विचारा. उदयपूरजवळ एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी विहिरींचे पाणी नासवले. १९९६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने दूषित करणाऱ्याने पैसे भरावेत असा निकाल दिला. त्यानंतर कंपनीने अर्जावर अर्ज केले. शेवटी १८ जुलै २०११ ला न्यायालयाने बजावले की ३७ कोटी ३८ लाखांच्या वर असलेली ही रक्कम बारा टक्के चक्रवाढ व्याजासह भरा, निकाल लागूनही पंधरा वर्षे प्रकरण जिवंत ठेवल्याबद्दल खर्चही भरा. पंधरा वर्षांत बिछडीच्या मुलांची लग्ने झाली असतील. विहिरी थांबून राहिल्या. तारापूरला दुसरे बिछडी करायचे आहे का, हा माझा प्रश्न आहे, आणि तो न्यायालयालाही आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. एक, राज्याने भरपाईचे नियम ताबडतोब करावेत. सुनावणीची रीत, पुनर्भेटीची मुदत, दिवस मोजण्याची पद्धत, सगळे त्यात असावे, म्हणजे पुढची आकारणी कार्यपद्धतीच्या दोषावर पडणार नाही. दोन, त्याच नियमांत लिहावे की उल्लंघन सापडल्यानंतर दुरुस्ती केव्हा झाली हे सिद्ध करण्याचा भार कारखान्यावर. त्याने रजिस्टर, बिले, मीटर, मॅनिफेस्ट दाखवले तर दिवस कमी करा, एक दिवसाचा असेल तर एकच दिवस लावा. नाही दाखवले तर पुढचा नमुना पास होईपर्यंत सगळे दिवस त्याचे. तीन, आव्हान द्यायचे तर वीज कायद्याप्रमाणे निम्मी रक्कम आधी भरावी, आणि उशीर झाला तर बिछडीसारखे चक्रवाढ व्याज लागावे. चार, भरलेली रक्कम बँकेत कुजत ठेवू नये. खाड्या आणि किनारा साफ करणे, विहिरी तपासणे, मासेमारांच्या नुकसानीची नोंद करणे ही कामे त्यातून लगेच सुरू व्हावीत. कोर्टात शेवटी काय व्हायचे ते होईल, पण साफ झालेली खाडी कोणाला परत करावी लागत नाही. पाच, मासळीचे माप सरकारने घ्यावे. घिवलीपासून मुरब्यापर्यंत प्रत्येक बंदरावर रोज काय आले याची नोंद मत्स्यव्यवसाय विभागाने ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी आमच्या नुकसानीलाही कोणी अंदाज म्हणणार नाही.

कारखानदारांना एवढेच सांगणे आहे. अंदाज तुम्हाला नको, आम्हालाही नको. खरे माप तुमच्या आवारात आहे, तुमच्या कपाटात आहे, तुमच्या मीटरवर आहे. ते कोर्टापुढे ठेवा. ठेवायचे नसेल तर पैसे भरा आणि मग खुशाल भांडा. माप दाबून ठेवायचे, पैसेही दाबून ठेवायचे आणि वर न्यायाची भाषा बोलायची, हे यापुढे आमच्या किनाऱ्यावर चालू देणार नाही.